दियामान्ते
स्पेनच्या रिओहा प्रदेशातील अर्धगोड पांढरी वाइन. एब्रो नदीकाठच्या लोग्रोन्यो शहरात १८९० मध्ये स्थापन झालेली फ्रांको-एस्पान्योलास ही वायनरी ती बनवते. मुख्य द्राक्ष विउरा. यालाच इतरत्र माकाबेओ म्हणतात. अर्धगोड वाइनमध्ये सगळी साखर आंबण्याआधीच सहसा किण्वन थांबवतात. युरोपीय नियमांनुसार तिच्यात लिटरमागे साधारण १२ ते ४५ ग्रॅम साखर असते.

आस्तुरियासचे काब्रालेस हे निळ्या बुरशीचे उग्र, खारट चीज हिची उत्तम जोडी. खारटपणाने गोडी खुलते. तिखट आशियाई पदार्थांबरोबरही ती शोभते, कारण साखरेने तिखटाची धार बोथटते. फार गोड मिठाईपुढे मात्र ती आंबट आणि फिकी लागते. ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करूनच ती वाढावी.