शेवटच्या नळाचा हिशेब

गावच्या नळयोजनेची पाहणी बहुधा टाकीपाशी थांबते. टाकी किती लिटरची, पाइपलाइन किती लांब, खर्च किती झाला, एवढे पाहिले की झाले. योजना चालते की नाही हे मात्र शेवटच्या घरच्या तोटीवर ठरते. म्हणून विचारही तिथून मागे न्यायला हवा.

दीड हजार वस्तीचे, चढउताराचे एक गाव घेऊ. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा निकष दरडोई दररोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे घराघरांत मिळून ८२,५०० लिटर पोचले पाहिजेत. उपशाचा चौथा हिस्सा वाटेत गळत असेल तर विहिरीतून १,१०,००० लिटर उपसावे लागतात. पाणी एकूण ६० मीटर चढवायचे आणि पंप-मोटारीची एकत्रित कार्यक्षमता ४५ टक्के धरली, तर रोज सुमारे ४० युनिट वीज जळते. गळती नसती तर ३० युनिट पुरली असती. महिन्याची ही ३०० युनिटे कोणत्याही नोंदवहीत गळती म्हणून दिसत नाहीत. दिसते ते थकलेले वीजबिल, आणि ग्रामसभेत वाद रंगतो तो पाणीपट्टी वाढवण्यावर.

गळतीचा याहून गंभीर परिणाम आरोग्यावर होतो. पुरवठा दिवसातून तासभरच असतो. तो थांबला की पाइपातला दाब उतरतो आणि जोड सैल असेल तिथे शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यामुळे टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकले एवढ्यावर समाधान मानता येत नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रचलित प्रमाण धरले तर आपल्या गावाला रोज ५५० ग्रॅम पावडर लागेल. पण उघड्या, दमट पोत्यातल्या पावडरीची ताकद उतरते आणि पावसाळ्यातले गढूळ पाणी जास्त क्लोरीन खाते. मात्रा बरोबर पडली का, हे शेवटच्या नळावर उरलेले क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्टच सांगते. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून मगच वॉल्व उघडायचा, हे घाईत सर्रास टाळले जाते.

वॉल्व फिरवणारा कर्मचारी हाच या व्यवस्थेचा खरा व्यवस्थापक आहे. खालच्या आळीत नळाला टिल्लू पंप लागले की वरच्या आळीत नुसती हवा येते, आणि शिव्या त्यालाच. पाणी न मिळालेली घरे पट्टी थांबवतात, बिल थकते, वीज तुटते. माझ्या मते पाणीपुरवठा निधीवर पहिला हक्क त्याच्या पगाराचा आणि टीसीएलचा असावा. मोटार जळेल तेव्हाची तजवीज दरमहा वेगळी काढावी. समान पट्टीपेक्षा वरच्या आळीचा वॉल्व आधी उघडणे वसुलीला जास्त उपयोगी पडते.

यापुढचा प्रश्न उद्भवाचा, म्हणजे विहिरीतल्या पाण्याचा. तो गावच्या पाणीपुरवठा समितीच्या हाताबाहेरचा वाटतो, पण तसा नाही. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात बेसॉल्ट खडक आहे; पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत, तेही थोडेच. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, हे बंधन राज्याच्या १९९३च्या कायद्याने घातले. शेजारचा उसाचा बोअर मात्र कागद पाहून थांबत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने पावसाचे पाणी मोजून पिके ठरवण्याचा ताळेबंद गावातच मांडला. पावसाळा संपताच विहिरीची पातळी मोजून ती ग्रामसभेत वाचणे कोणत्याही समितीला जमेल. रब्बीच्या पेरणीआधी तो आकडा समोर आला, तरच उपशावर बोलता येते. मार्चनंतर टँकरची मागणी तेवढी उरते.