गणिताचे कोडे आणि देवघर

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधण्यास मला दूर जावे लागले नाही. तो घरातच वाट पाहत होता.

गतवर्षीच्या गणेशोत्सवातील गोष्ट. आरतीची वेळ झाली होती. अभियंता झालेले आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक कोडे सोडवा. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपयांना. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग. तर चेंडू कितीला?" मी क्षणाचाही विलंब न लावता "दहा" म्हणालो. तो हसला. चेंडू दहाचा धरला तर बॅट एकशेदहाची होते आणि बेरीज १२० वर जाते. खरे उत्तर पाच. केंद्र सरकारच्या नोकरीत कागद तपासल्याखेरीज सही न करण्यात ज्याची उमर गेली, त्याने असे फसावे! वर तो म्हणाला, "या कोड्यात फसणारे लोक अधिक श्रद्धाळू असतात, असे संशोधकांनी दाखविले आहे." मी आरतीचे तबक उचलले खरे, पण तो बोल मनाला लागून राहिला.

मी कला शाखेचा बी. ए.; गणित हा माझा प्रांत नव्हे. तरीही जमेल तेवढे वाचले. अशी तीन कोडी शेन फ्रेडरिक या अमेरिकन प्राध्यापकाने २००५ साली प्रसिद्ध केली. मनात प्रथम उमटलेले उत्तर माणूस थांबून तपासतो की नाही, एवढेच ती पाहतात. पुढे २०१२ साली हार्वर्डच्या व कॅनडातील संशोधकांनी असे मांडले की, थांबून तपासणाऱ्यांमध्ये देवावरील विश्वास काहीसा कमी आढळतो. कॅनडातील संशोधकांनी तर रोदँ या शिल्पकाराच्या 'विचारवंत' पुतळ्याचे चित्र दाखविल्यानेही श्रद्धा क्षीण होते, असे म्हटले. परंतु २०१७ साली तो पुतळ्याचा प्रयोग अधिक लोकांवर पुन्हा केला असता तो परिणाम दिसला नाही. २०१८ साली तेरा देशांत पाहणी झाली, तेव्हा कोडी आणि श्रद्धा यांचा संबंध एकंदरीत दुबळा आणि देशागणिक बदलणारा आढळला. त्या पाहणीच्या लेखकांत मूळ प्रयोग करणारे गृहस्थही होते, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारीच होय.

हे वाचून मन थोडे हलके झाले. परंतु खरा उलगडा झाला तो आपल्याच इतिहासाकडे वळल्यावर.

भास्कराचार्यांची 'लीलावती' घ्या. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. म्हणून हा थोर गणिती आपल्याला अधिकच जवळचा. ११५० च्या सुमारास वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी जो सिद्धान्तशिरोमणी रचला, त्याचा हा पहिला भाग. ग्रंथाचा आरंभ गजाननाच्या वंदनाने होतो. त्यातील एक उदाहरण तर साक्षात पूजेचे आहे. कमळांच्या राशीचा एक तृतीयांश शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला आणि एक चतुर्थांश देवीला वाहिला. उरलेली सहा फुले गुरुचरणी अर्पण केली. तर एकूण कमळे किती? उत्तर १२०. देवघर आणि गणित यांच्यामध्ये भिंत असते, असे त्या ग्रंथकाराला वाटल्याचे दिसत नाही.

आता पुण्याकडे वळू. केरूनाना छत्रे यांचे आवडते शिष्य बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात तोच विषय शिकवू लागले. ते १८९० साली संस्थेतून बाहेर पडले आणि १८९१ मध्ये गणित शिकविण्यासाठी धोंडो केशव कर्वे तेथे आले. कर्व्यांच्या आधाराने शिकलेले त्यांच्याच नात्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परत येऊन त्यांनी अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्येच सेवा पत्करली. कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो हेही गणिताचेच प्राध्यापक.

विषय एक, शहर एक. पण श्रद्धेचे चित्र पाहा. टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' ग्रंथात संपातबिंदूच्या गतीवरून वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला, आणि त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रकाशित झाले. उलटपक्षी परांजपे उघड निरीश्वरवादी. भारतीय बुद्धिवादी संघटनेचे पहिले अध्यक्ष. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावूनही त्या नास्तिकाने माघार घेतली नाही. केंब्रिजमध्येही हेच दिसते. नामगिरी देवीचा भक्त रामानुजन आणि देव न मानणारा हार्डी यांनी मांडीला मांडी लावून गणित केले.

यांपैकी कोण कोड्यात फसला असता? मला वाटते, कोणीच नाही. टिळकांनी पंचांगही जसेच्या तसे स्वीकारले नाही. आकाशातील ग्रहांशी ते जुळावे म्हणून खटपट केली. अर्थात चार-सहा थोरांची नावे म्हणजे शिरगणती नव्हे, आणि त्यांच्यावरून साऱ्या समाजाचा नियम काढणे म्हणजे पुन्हा "दहा" असे घाईचे उत्तर देणेच होईल. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की, थांबून तपासण्याची सवय ही एक गोष्ट आणि तपासाअंती माणूस कोठे पोहोचतो ही दुसरी. ते घरचे संस्कार, गुरू, संगत आणि सोसलेले अनुभव यांवर ठरते. आणि या मंडळींत एक गोष्ट समान होती. देव मानणारा असो वा न मानणारा, प्रत्येकाने आपली विद्या समाजाच्या कामी लावली.

भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे आणि नोकऱ्यांच्या निमित्ताने आपण मराठी माणसे येथे हुडकोत येऊन वसलो. मुले शिकली, अभियंते झाली. ती आरतीला उभी राहिली नाहीत, की आपल्याला वाटते, घरापासून तुटली. मलाही तसेच वाटले होते. आमचे चिरंजीव आजही आरतीच्या वेळी मंडपात मागे, हात न जोडता उभे असतात. परंतु उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे आहे, आणि त्यात एका रुपयाची चूक निघालेली नाही. उत्सव संपल्यावर पावत्या लावीत ते रात्री दोनपर्यंत बसतात. हीही एक प्रकारची सेवाच होय, हे कळायला मला एक वर्ष आणि बरेच वाचन लागले.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत हात जोडणारे आणि हिशेब जोडणारे असे दोघेही याच मंडपात नांदोत, हीच गजाननाचरणी प्रार्थना.