१ एप्रिल १९१९ : स्टॅन्ली चषक कुणाचाच नाही
तारीख एप्रिल फूलची, पण बातमी खरी होती. आइस हॉकीतल्या मानाच्या स्टॅन्ली चषकाचा निर्णायक सामना सिएटलमध्ये सुरू व्हायच्या जेमतेम साडेपाच तास आधी रद्द झाला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आणि सिएटल मेट्रोपॉलिटन्स यांनी दोन-दोन सामने जिंकले होते. चौथा तर जादा वेळ खेळूनही ०-० असा सुटला होता. मात्र, आदल्या वर्षी मुंबईतही हाहाकार माजवणाऱ्या इन्फ्लुएंझाने कॅनेडियन्सचे पाच खेळाडू आणि व्यवस्थापक जॉर्ज केनेडी यांना गाठले. उभा करायला संघच उरला नाही, तेव्हा केनेडींनी चषक सिएटलला देऊ केला. आयता चालून आलेला तो मान प्रशिक्षक पीट मल्डून यांनी नाकारला. याला म्हणायची दिलदारी! कॅनेडियन्सचे आजारी बचावपटू जो हॉल यांचे ५ एप्रिलला न्यूमोनियाने सिएटलमध्येच निधन झाले. केनेडीही पुरते सावरले नाहीत, १९२१ मध्ये वारले. पुढे चषकावर दोन्ही संघांची नावे कोरली गेली, सोबत ‘मालिका अपूर्ण’ असा शेरा. त्यानंतर चषक कुणालाच मिळाला नाही, असे घडले ते थेट २००५ मध्ये. तेव्हा कारण साथीचे नव्हते. संघमालक आणि खेळाडू पैशांवरून भांडत होते.