लादीचा ताळेबंद : खाणीपासून राडारोड्यापर्यंत

डहाणू तालुक्यातील चिखले हे किनारपट्टीवरचे, चिकूच्या बागांच्या पट्ट्यातील गाव. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि कौलारू छप्पर ही या परिसरातील जुन्या घरांची ओळख होती. आता नव्या घरांत सिरॅमिक टाइल्स आल्या आहेत. धुण्यास सोपी, ओल न धरणारी आणि टिकाऊ असल्याने टाइल लोकप्रिय होणे स्वाभाविकच आहे. मात्र तिची पर्यावरणाला किती किंमत मोजावी लागते, हे दुकानातील दरपत्रकावरून कळत नाही. त्यासाठी ‘जीवनचक्र मूल्यमापन’ ही पद्धत वापरली जाते.

पद्धत काय आहे?

‘आयएसओ १४०४०’ आणि ‘आयएसओ १४०४४’ या २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी या मूल्यमापनाचे चार टप्पे ठरवून दिले आहेत. प्रथम उद्देश व व्याप्ती निश्चित करायची. मग लागणारा कच्चा माल, पाणी, इंधन व बाहेर पडणारे उत्सर्जन यांची नोंद करायची. त्यांचे परिणाम मोजायचे आणि शेवटी निष्कर्ष काढायचे. टाइलच्या बाबतीत हिशेबाचे एकक सहसा एक चौरस मीटर लादी असते आणि इमारतीचे आयुष्य बहुधा ५० वर्षे धरले जाते. त्याला खर्चाच्या व सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची जोड दिली, की शाश्वततेचे चित्र पूर्ण होते. टाइलच्या शाश्वततेसाठी २०२१ मध्ये ‘आयएसओ १७८८९-१’ हे स्वतंत्र मानकही प्रसिद्ध झाले.

भट्टीचा वाटा मोठा

चिनी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचे मिश्रण पाण्यात दळून त्याचा पातळ गाळ करतात. तो गरम हवेच्या झोतात फवारून त्याची भुकटी केली जाते, भुकटी दाबयंत्रात दाबून लादीचा आकार दिला जातो आणि चकाकीचा लेप देऊन ती सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. भट्टी आणि फवारा-शुष्कक या दोन ठिकाणीच बहुतांश उष्णता खर्च होते. गाळात ३५ टक्के पाणी आणि भुकटीत ६ टक्के ओल धरली, तर २० किलो वजनाच्या एका चौरस मीटर लादीसाठी साधारण नऊ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. त्यामुळे इंधन कोणते, या प्रश्नावर टाइलचा निम्म्याहून अधिक ताळेबंद अवलंबून असतो.

मातीत अल्प प्रमाणात फ्लोराइड असते. भाजताना ते हायड्रोजन फ्लोराइड वायूच्या रूपाने बाहेर पडते. हा वायू वनस्पतींच्या पानांना अपायकारक असून चुन्याच्या साह्याने तो धुराड्यातच अडवावा लागतो. कारखान्यातील कामगारांना धोका असतो तो सिलिकाच्या बारीक धुळीचा. ती फुप्फुसात साचल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. टाइल कापणारा कारागीरही त्यातून सुटत नाही.

धूर कोणाच्या अंगणात?

डहाणू तालुक्याला २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला. उद्योगांची हरित, नारिंगी व लाल अशी वर्गवारी होऊन लाल गटातील उद्योगांना मज्जाव करण्यात आला, तर अनुज्ञेय उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बागांना या निर्बंधांचे संरक्षण लाभले.

परंतु लादीचा धूर त्यामुळे नाहीसा झाला नाही. देशातील टाइल उत्पादनाचे सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधील मोरबी येथे आहे. तेथील अनेक कारखाने कोळशापासून तयार केलेल्या वायूवर चालत आणि त्या प्रक्रियेतून डांबर व फिनॉलयुक्त सांडपाणी निघे. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये अशी संयंत्रे बंद करण्याचा आदेश दिल्यानंतर हा उद्योग नैसर्गिक वायूकडे वळला. मोरबीची लादी डहाणूत येते ती सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास करून. एखाद्या गावाने दारात भट्टी नको म्हटले, तरी तेथील लादीच्या खात्यात दूरच्या भट्टीचे इंधन, पाणी आणि धूळ जमा होतच असते. जीवनचक्र मूल्यमापनाचे महत्त्व नेमके येथे आहे.

आयुष्य हाच कळीचा मुद्दा

वापराच्या काळात लादीला पाणी व साबणाखेरीज फारसे काही लागत नाही. भाजलेली लादी पुन्हा माती होत नाही. तिचा चुरा फार तर भरावासाठी किंवा नव्या मिश्रणात वापरता येतो. पाचशे चौरस फुटांच्या घरातील लाद्यांचे वजन ९०० किलोंहून अधिक भरते. नूतनीकरणाच्या हौसेपोटी दर दहा वर्षांनी त्या उखडल्या, तर ५० वर्षांत भट्टी एकदा नव्हे, पाच वेळा पेटवावी लागते आणि राडारोड्यातही तेवढीच भर पडते.

म्हणूनच टाइल निवडताना रंग व दर यांच्याबरोबर भट्टीचे इंधन कोणते, कारखाना किती दूर आणि उत्पादनाचे पर्यावरणीय घोषणापत्र आहे का, याची चौकशी ग्राहकाने करायला हवी. सुस्थितीतील जुनी लादी न उखडणे हा मात्र सर्वांत कमी खर्चाचा आणि हमखास फायद्याचा उपाय होय.