ज्वारीचे माहेर आणि बाईचा वाटा

आपण रोज जिची भाकरी थापतो त्या ज्वारीचे माहेर आफ्रिकेत आहे. सुदानच्या बाजूला हे धान्य प्रथम पेरले गेले आणि हजारो वर्षांपूर्वी ते आपल्याकडे आले. तिकडच्या बायांचे दळणकांडण कसे असेल याची मला फार उत्सुकता होती. मिळेल ते वाचून जे कळले ते माझ्या साध्या भाषेत लिहिते.

सुदानात बाया गुडघे टेकून सपाट दगडावर दुसरा दगड पुढेमागे ढकलीत ज्वारी दळीत असत. पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला ‘किसरा’ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत दोघीतिघी मिळून एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालतात. आपले जाते फिरे, त्यांचा दगड सरके, एवढाच काय तो फरक, हात बाईचेच. पाणी, सरपण आणि लेकरूही तिच्याचकडे. लेकरू मात्र त्या पाठीला बांधतात. मला ती रीत आपल्या कडेवर घेण्यापेक्षा बरी वाटते, दोन्ही हात मोकळे राहतात.

घाना देशात नवराबायकोची थैली बहुधा वेगळी असते. नवऱ्याने स्वयंपाकखर्चाला पैसे द्यावेत, बाईने बाजारात मिळवले ते तिचे. आक्रा शहरातील बाजार तर मुख्यतः बायांच्याच हाती आहे. पण तेथील अकान लोकांत वारसा आईच्या कुळाने चाले. नवरा वारला की त्याची मिळकत भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जाई, आणि त्याच्या शेतात जन्मभर राबलेली बायको रिकाम्या हाताने राही. १९८५ साली तेथे कायदा झाला व विधवेला आणि मुलांना वाटा मिळाला.

आपल्याकडे वेगळे काय होते? आमच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडीत. पहाटे दळण, मग खडी, संध्याकाळी पुन्हा चूल. रोख मजुरी स्वतःच्या हातात प्रथम तेव्हाच पडली, असे त्या सांगतात.

आपला किनवट तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला गेला. त्याच वर्षी हिंदू वारसा कायदा झाला. विधवेला व लेकीला वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र जमिनीत लेक जन्माने वाटेकरी नव्हती. महाराष्ट्राने तो हक्क १९९४ साली दिला, तोही तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. २००५ साली साऱ्या देशात सर्व लेकींना मिळाला. परंतु हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. म्हणजे आपल्या शेजारच्या गोंड, कोलाम, आंध भगिनी त्यातून बाहेरच राहिल्या. यावर सरकारने विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

कायदा झाला तरी सातबारा सहज बदलत नाही. सासरे वारल्यावर सासूबाईंचे नाव उताऱ्यावर लागले, ते दोन्ही मुलांच्या नावांखाली. नणंदांकडून हक्कसोड लिहून घेतली गेली. त्यांना दर भाऊबीजेला साडी जाते.