कष्टाची भाकर : दूधतुपाविना डब्याचा एक इतिहास

आमच्या शिक्षक-कक्षात अलीकडे दुपारच्या सुट्टीत एक विषय वारंवार निघतो. रविवारी एकदाच रांधायचे, लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि आठवडाभर एकेक डबा महाविद्यालयात न्यायचा. पदार्थ शक्यतो एकाच पातेल्यात होणारा असावा आणि त्यात दूध, दही, तूप नसावे, अशीही काहींची अट असते. कुणाला दूध पचत नाही, कुणाला डॉक्टरांनी मनाई केली आहे, कुणी प्राण्यांच्या कणवेने ते सोडले आहे. मुगाची खिचडी, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे असे डबे उघडले जातात आणि 'ही नवी पद्धत फार सोयीची आहे' असा अभिप्राय ऐकू येतो. त्यातील 'नवी' या शब्दापाशी आम्ही अडखळलो. दूधतुपाविना, एका भांड्यात शिजलेले, कामाच्या जागी खायचे जेवण महाराष्ट्राला खरोखर नवे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या पुस्तकांच्या कपाटात सहजी सापडले नाही. मराठीतील छापील पाकशास्त्राची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 चे, तर कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 ची. या परंपरेचे ऋण आम्ही मानतोच. मात्र तिच्यासमोरचा वाचक मुख्यतः स्वतःचे स्वयंपाकघर, भरलेले फडताळ आणि रांधायला वेळ असलेला आहे. ज्याच्या घरी दुभते नाही, जो पहाटे बाहेर पडतो आणि ज्याला उभ्याउभ्याच जेवायचे असते, त्याचे अन्न लिहून ठेवण्याजोगे कुणाला वाटले नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील दलित जातींची खाद्यसंस्कृती ग्रंथबद्ध केली, तेव्हा ही उणीव ठळकपणे समोर आली. 'पूर्णब्रह्म' या शब्दाला लागलेला तो 'अ' विद्यार्थ्यांनी नीट वाचावा. ज्या घरांत दूधतूप पोचलेच नाही त्या घरांचा स्वयंपाकही स्वयंपाकच होता, हे तो एक स्वर सांगतो.

अशा अलिखित जेवणाचा इतिहास शोधायचा तर पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जावे लागते. जुन्या शहरातला घाऊक व्यापार पूर्वी भवानी पेठ आणि नाना पेठेच्या परिसरात चाले. पुढे तो गुलटेकडीला आला. बाजार पेठेतला असो वा यार्डातला, हमालाचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच येऊन लागतात, पहाटे त्या रिकाम्या कराव्या लागतात. भुसार विभागात दिवसभर पोत्यांची चढउतार चालते. घरची चूल पेटण्याआधी माणूस कामावर गेलेला असतो. त्यातले अनेकजण गावाकडून आलेले, इथे एकटेच राहणारे. त्यांना घरचा डबा मिळणार कुठून? मग चहा, पाव, हातगाडीवरचे तळलेले काहीतरी, असे दिवस निघत. पाठीवर शंभर किलोचे पोते घेणाऱ्या माणसाचे हे जेवण होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये एका माणसाने उचलायच्या ओझ्याला 55 किलोंची मर्यादा सुचवली होती. भारताने त्या वर्षीच्या कराराला मान्यता दिली ती 2010 मध्ये. मधली त्रेचाळीस वर्षे हमालाच्या पाठीने सोसली.

नाना पेठेत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या बाबा आढावांनी 1950 च्या दशकाच्या मध्यावर हमाल पंचायत उभी केली, ती या पाठीकडे पाहून. राज्यात माथाडी आणि हमालांसाठीचा कायदा 1969 मध्ये झाला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या कामांवरची सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. त्यापाठोपाठ महागाई आली. या पार्श्वभूमीवर 1974 मध्ये हमाल पंचायतीने पुण्यात 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले. ना नफा ना तोटा या तत्त्वावर श्रमिकाला परवडेल असे सकस जेवण त्याच्या कामाच्या जवळ मिळावे, एवढा त्याचा हेतू होता. पुढे त्याच्या शाखा निघाल्या.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या नावाकडे थोडे थांबून पाहावे. 'अन्नछत्र', 'सदावर्त', 'प्रसाद' हे शब्द आपल्याकडे जुने आहेत; त्या साऱ्यांत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. 'कष्टाची भाकर' या शब्दांत देणारा कुणी नाहीच. खाणाऱ्याने ती आधीच कमावलेली आहे. नारायण सुर्वे यांच्या पिढीने मराठी कवितेत भाकरीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा व्यवहारातला अनुवाद आम्हांला या पाटीवर दिसतो.

आता ताटात काय असते ते पाहू. ज्वारीची भाकरी, झुणका, उसळ किंवा आमटी, कांदा, ठेचा. झुणका म्हणजे एका कढईत मोहरी-मिरचीच्या फोडणीवर परतलेला कांदा आणि त्यावर शिजवलेले बेसन. पाणी वाढवले की त्याचेच पिठले होते. दूध, तूप, लोणी यांचा कुठे स्पर्शही नाही. आहारशास्त्राच्या दृष्टीने ही जोडी पक्की आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते हरभऱ्यात भरपूर असते. हरभऱ्यात जे कमी ते ज्वारी पुरवते. दूध नसलेल्या आहारात कॅल्शियमचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात सुमारे एकशेवीस. आणखी एक गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. ज्वारी आणि हरभरा ही भुसार बाजारातलीच धान्ये. सकाळी जे पाठीवरून वाहिले, दुपारी तेच ताटात येते.

टिकाऊपणाचेही तसेच. फ्रीझर अन्नातले पाणी गोठवून ते जंतूंच्या उपयोगी पडू देत नाही. सोलापूरची कडक भाकरी तेच पाणी काढून टाकून हे काम साधते. शेंगांच्या चटणीबरोबर ती कित्येक दिवस पुरते. वीज लागत नाही. मऊ भाकरी मात्र फ्रीझरमध्ये चिरफळते. उसळ, आमटी, खिचडी उत्तम राहतात, बटाटा भुसभुशीत होतो. भात शिजल्यावर फार वेळ बाहेर न ठेवता लवकर निववून गोठवावा, एवढे पथ्य आमच्या सहकाऱ्यांनी जरूर पाळावे.

शासनानेही हे ताट उचलले. 1995 मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. अनुदानावर उभी असलेली ती योजना काही वर्षांतच बारगळली. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. या योजनांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही; भुकेल्याला जेवण मिळाले हे मोलाचेच. पण स्वस्त थाळी सरकार बदलले की बदलते. कष्टकऱ्यांनी आपल्या संघटनेच्या बळावर चालवलेली चूल पन्नास वर्षे पेटती राहिली. पदार्थ तोच, टिकण्यातला फरक मालकीचा आहे.

बाबा आढावांचे 8 डिसेंबर 2025 रोजी निधन झाले. त्यानंतरच्या आठवड्यात शिक्षक-कक्षात पुन्हा डबे उघडले गेले, तेव्हा आमच्यापैकी एकीच्या डब्यात झुणका होता. 'बिनदुधाचा, एका भांड्यातला, पौष्टिक,' असे कुणीतरी कौतुकाने म्हणाले. तिन्ही विशेषणे बरोबर होती. आम्ही दूध वर्ज्य करतो, कारण ते आमच्या फ्रिजमध्ये असते. ते ज्यांच्या घरी कधी आलेच नाही, त्यांच्या ताटाला 'वर्ज्य' हा शब्द लावता येत नाही. आहारावर लिहिताना त्याग आणि अभाव यांतला हा भेद पुसला जाऊ नये, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे. बाकी झुणका चवीला फर्मास झाला होता, आणि डबा रिकामा व्हायला वेळ लागला नाही.