अस्वलाचा ट्यूबा

बर्लिनमध्यें १८३५ सालीं ट्यूबा जन्मास आला. पुढें देशोदेशीं त्याचे आकार निराळे झाले. १९११ सालीं पॅरिसमध्यें स्ट्राविन्स्कीचें ‘पेत्रुश्का’ हें नृत्यनाट्य रंगभूमीवर आलें. त्यांतील जत्रेंत शेतकरी पिपाणी वाजवितो व त्याचें अस्वल नाचतें. पिपाणी क्लॅरिनेटकडे, अस्वल ट्यूबाकडे. मात्र ट्यूबाचे स्वर फार उंच आहेत. त्या काळीं फ्रेंच वादकांजवळ सहा झडपांचा लहान ट्यूबा असे. त्यावर ते स्वर आटोक्यांत येत. तेच थोरल्या ट्यूबावर काढावयाचे, तर भर प्रयोगांत वादकाची लाज पणास लागते. उलट, १९३८ सालीं प्रथम रंगलेल्या प्रोकोफिएव्हच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधील सरदारांच्या नृत्याला थोरलाच ट्यूबा शोभतो. तात्पर्य, जनावर केवढें तें पाहूं नये. स्वर कोठें आहेत तें पाहावें.